कुत्र्याच्या प्लेटलेट्स कमी का होतात? राणीच्या रिपोर्टवरून

प्रश्न थोडक्यात असा. देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांची पाच वर्षांची लॅब्रडॉर मादी, राणी. चार दिवस जेवण कमी, अंगात ताप, एकदा नाकातून रक्त आलं. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स ४२,०००. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलंय. शेजारी म्हणतात डेंग्यू आहे, पपईच्या पानांचा रस द्या. पुण्याचा भाचा म्हणतो, ताबडतोब मोठ्या शहरात नेऊन प्लेटलेट्स चढवा. कुत्र्याच्या प्लेटलेट्स नेमक्या कशाने कमी होतात आणि आता करायचं काय, असं त्यांनी विचारलंय.

आधी डेंग्यूचं मिटवून टाकू. माणसाच्या प्लेटलेट्स पडल्या की आपल्याकडे पहिलं नाव डेंग्यूचंच निघतं, म्हणून कुत्र्यालाही तेच झालं असणार असं वाटतं. पण डेंग्यूने आजारी पडलेला कुत्रा मी आजवर पाहिलेला नाही, आणि कुत्र्याच्या प्लेटलेट्स कमी आल्या तर त्या दिशेने विचार करायचं कारणही नाही. पपईच्या पानांचा रस कडूजहर असतो, बरेच कुत्रे तो ओकून टाकतात, आणि आधीच जेवत नसलेल्या जनावराला उलट्या परवडत नाहीत. रस चालू आहे या समाधानात दोन-तीन दिवस निघून जातात, हे त्याहून वाईट. 'प्लेटलेट्स वाढवायला काय देऊ' हा प्रश्न नंतरचा. आधी हे ठरवायचं की राणीचं शरीर प्लेटलेट्स बनवायचं थांबलंय, की ते बनवतंय पण कुणीतरी त्या संपवतंय. आपल्या किनारपट्टीवर बहुतेक वेळा दुसरी गोष्ट असते.

निरोगी कुत्र्याच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण २ ते ५ लाख प्लेटलेट्स असतात. त्या हाडांच्या मगजात तयार होतात आणि जेमतेम आठवडाभर जगतात. खाजणाच्या बांधाला भगदाड पडलं की आधी मिळेल ते दगड-ढेकूळ टाकून पाणी अडवतात आणि मग वरून चिखलाने लिंपून घेतात. रक्तवाहिनीला छिद्र पडलं की पहिलं काम प्लेटलेट्स करतात, आणि लिंपायचं काम रक्त गोठवणारे घटक करतात. ही दोन कामं वेगळी आहेत हे ध्यानात ठेवा, पुढे उंदराच्या विषाकडे आणि फुरशाकडे आलो की उपयोगी पडेल. प्लेटलेट्स लाखाच्या खाली गेल्या म्हणून लगेच काही होत नाही. आपोआप रक्त येण्याचा धोका साधारण ५०,००० च्या खाली सुरू होतो आणि ३०,००० च्या खाली खरा वाढतो.

आता तुमच्या ४२,००० कडे. हा आकडा खरा आहे का, हे मी सगळ्यात आधी विचारेन. आपल्याकडे कुत्र्याचं रक्त बहुतेक वेळा माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येच जातं, दुसरी सोय जवळपास नसते. तिथलं मशीन माणसाच्या पेशींच्या मापावर लावलेलं असतं. कुत्र्याच्या मोठ्या आकाराच्या प्लेटलेट्स ते लाल पेशींत मोजून टाकतं. शिवाय रक्त काढताना कुत्रा हलला, शीर दोनदा टोचावी लागली, रक्त सिरिंजमध्ये थांबत थांबत आलं, की जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये जाण्याआधीच प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात. पन्नास प्लेटलेट्सची गुठळी मशीनला प्लेटलेट म्हणून दिसतच नाही. रिपोर्टवर लाल अक्षरात आकडा येतो, घरात रडारड होते, आणि कुत्र्याला झालेलं काहीच नसतं.

यावर उपाय स्वस्त आहे, तरी सगळ्यात जास्त टाळला जातो तोच: काचेवर रक्ताचा पातळ थर ओढून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघणे. ब्लड स्मिअर. आधी थराच्या पातळ टोकाकडे गुठळ्या आहेत का बघायचं. त्या नसतील तर ऑइल लेन्सखाली दहा-बारा ठिकाणी प्लेटलेट्स मोजायच्या आणि सरासरीला १५,००० ने गुणायचं. एका ठिकाणी दहा-पंधरा दिसल्या तर काळजी नाही, दोन-तीनच दिसल्या तर तुमचा रिपोर्ट खरा. गुठळ्या दिसल्या तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्यायचं. त्या ट्यूबमधल्या औषधाने रक्त थोडं पातळ होतं, म्हणून आलेला आकडा १.१ ने गुणावा लागतो. त्याच स्मिअरवर गोचीडतापाचे जंतूही कधी कधी दिसून जातात, विशेषतः कानाच्या टोकाला टोचून काढलेल्या थेंबात. एवढ्या माहितीसाठी एक काचपट्टी आणि दहा मिनिटं लागतात. ज्या लॅबमध्ये नुसता मशीनचा कागद देतात तिथे मी आग्रहाने सांगतो की पट्टीही बनवून द्या, मी बघतो.

काही जातींचा आकडा मुळातच कमी असतो. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये जन्मजात मोठ्या पण संख्येने कमी प्लेटलेट्स असतात, कधी ५०,००० च्या आसपास, आणि कुत्रा ठणठणीत. ग्रेहाउंडचाही आकडा इतरांहून कमी भरतो. लॅब्रडॉरला ही सवलत नाही. शिवाय राणीला ताप आहे, नाकातून रक्त आलंय, त्यामुळे तिचा आकडा बहुधा खराच असेल. तरी स्मिअर करून घ्याच.

दुसरं काम तुम्ही घरीच करू शकता. ओठ वर करून हिरड्या बघा, कानाची आतली बाजू बघा, पोटावरचे केस बाजूला करून कातडी बघा, डोळ्याच्या पांढऱ्या भागात बघा. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले, बोटाने दाबूनही फिके पडले नाहीत, तर ते प्लेटलेट्सचं काम. नाकातून रक्त, डांबरासारखी काळी शी, लघवीत रक्त, हेही त्यातलंच. याउलट कातडीखाली मोठी मऊ सूज, सांध्यात रक्त भरून लंगडणं, छातीत रक्त साचून धाप लागणं असं असेल तर रक्त गोठवणारे घटक कमी पडलेत असं समजायचं, मग प्लेटलेट्सचा आकडा काहीही असो.

राणीच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांचा पहिला संशय बरोबर दिशेला आहे. कोकणात ताप, भूक मंदावलेली, नाकातून रक्त आणि प्लेटलेट्स कमी, एवढं एकत्र आलं की पहिलं नाव एर्लिकियाचं. एर्लिकिया कॅनिस हा जंतू कुत्र्याच्या तपकिरी गोचिडीतून येतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींत राहतो. १९३५ मध्ये अल्जेरियात तो पहिल्यांदा ओळखला गेला. पुढे व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराचे शेकडो कुत्रे, त्यात जर्मन शेफर्ड फार, याच आजाराने नाकातून रक्त वाहून गेले, तेव्हा जगाने त्याची दखल घेतली. आपल्याकडेही शेफर्डमध्ये तो जास्त वाईट रूप धरतो.

गोचीड चावल्यापासून एक ते तीन आठवड्यांत पहिला ताप येतो. या टप्प्यात प्लेटलेट्स तीन वाटांनी कमी होतात: सुजलेल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीशी त्या खर्च होतात, फुगलेल्या प्लीहेत अडकून पडतात, आणि शरीर स्वतःच त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करतं. उरलेल्या प्लेटलेट्स कामालाही धड नसतात. म्हणून एर्लिकियात ६०,०००-७०,००० वरही नाकातून रक्त येताना दिसतं, आणि 'आकडा तर एवढा वाईट नाही, मग रक्त का' असं लोक विचारतात. बरेच कुत्रे हा पहिला ताप औषधाशिवायच काढतात. मालकाला वाटतं, दोन दिवस सुस्त होतं, बरं झालं. मग महिने, कधी वर्षं, जंतू शांत बसतो. प्लेटलेट्स तेवढ्या थोड्या कमी राहतात. काही कुत्र्यांत त्यानंतर तिसरा टप्पा येतो, हाडांचा मगजच कोरडा पडतो. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, सगळंच कमी. तिथून जनावर परत आणणं फार अवघड. राणीच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी किती आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला प्लेटलेट्सइतकंच ते महत्त्वाचं वाटतं. नुसत्या प्लेटलेट्स कमी असतील तर हा बहुधा पहिला टप्पा आहे आणि निम्मी काळजी तिथेच संपली.

एर्लिकियाचं औषध डॉक्सीसायक्लिन. सर्वमान्य मात्रा दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम, एकदम किंवा दोन भागांत, आणि कोर्स २८ दिवसांचा. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रा पेज मागायला लागतो, आठवड्यात प्लेटलेट्स वर येताना दिसतात आणि दोन आठवड्यांत बहुतेकांच्या जागेवर येतात. आणि इथेच आठव्या-दहाव्या दिवशी गोळ्या बंद होतात, कारण कुत्रा खळ्यात पुन्हा धावायला लागलेला असतो. असं करू नका. गोळी रिकाम्या पोटी दिली की उलटी होते, म्हणून भाताबरोबर द्या आणि वर पाणी पाजा, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. दुधातून मात्र देऊ नका, दुधातल्या कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही.

क्लिनिकमध्ये जी पट्टीवरची झटपट टेस्ट करतात ती जंतू शोधत नाही, प्रतिपिंडं शोधते. आजाराच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि गेल्या वर्षी बऱ्या झालेल्या कुत्र्यात आजही पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे निव्वळ पॉझिटिव्ह रेघ बघून सगळ्या प्लेटलेट्सचं खापर एर्लिकियावर फोडता येत नाही. थेट जंतूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर टेस्ट जास्त खात्रीची, पण नमुना डॉक्सीसायक्लिन सुरू करण्याआधीचा हवा. राणीचं औषध सुरू झालंय, तेव्हा आता त्यामागे लागू नका. औषधाला ती कसा प्रतिसाद देते हीच तिची टेस्ट.

त्याच गोचिडीच्या कुटुंबातले आणखी काही पाहुणे आहेत. अ‍ॅनाप्लाझ्मा प्लॅटिस थेट प्लेटलेट्सच्या आत राहतो. त्यात दर एक-दोन आठवड्यांनी आकडा पडतो आणि आपोआप चढतो. कुत्र्याला फारसं काही वाटत नाही, आणि तोही डॉक्सीसायक्लिनला ऐकतो. बबेसिया मात्र ऐकत नाही. बबेसिया लाल पेशींत राहतो, त्या फोडतो, म्हणून हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, कधी कावीळ होते, कधी लघवी गडद तपकिरी येते. त्यातला बारीक आकाराचा बबेसिया गिब्सोनी प्लेटलेट्स फार खाली नेतो. तो गोचिडीशिवाय कुत्र्यांच्या चावाचावीतून आणि रक्त चढवण्यातूनही पसरतो. डिमिनॅझिनचं इंजेक्शन दिलं की कुत्रा उठून बसतो, पण गिब्सोनी त्याने मुळापासून जात नाही. त्यासाठी अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन एकत्र, दहा दिवस. खर्चिक काम आहे आणि औषध मागवावं लागतं. मोठ्या आकाराच्या बबेसियाला इमिडोकार्ब चालतं. म्हणजे कुठला बबेसिया हे कळल्याशिवाय औषध ठरत नाही, आणि ते कळायला पुन्हा तीच काचपट्टी. डॉक्सीसायक्लिन आठवडाभर नीट देऊनही ताप जात नसेल, हिरड्या फिक्या पडत असतील, तर मी सगळ्यात आधी इथे बघतो. एर्लिकिया आणि बबेसिया एकाच कुत्र्यात एका वेळी असणं अजिबात दुर्मीळ नाही.

सुऱ्याचंही नाव घेऊन ठेवतो. सुरा म्हणजे ट्रायपॅनोसोमा, गुराघोड्यांवरच्या चावऱ्या माश्यांतून येणारा जंतू. चेहऱ्यावर किंवा पायावर सूज, येऊन-जाऊन ताप आणि डोळ्यावर निळसर पांढरा पडदा असं चित्र असेल तर त्याचा विचार करायचा.

आता पावसाळ्यातला मुख्य संशयित, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. भाताची खाचरं, तुंबलेलं पाणी, उंदीर आणि घुशी, एवढं असलं की लेप्टोस्पायराला आणखी काही लागत नाही. माणसांतला लेप्टो सिंधुदुर्ग-रत्नागिरीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही, पण कुत्र्याला तो होतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यातही प्लेटलेट्स पडतात. सोबत उलट्या, पिवळेपणा, लघवी एकदम जास्त किंवा एकदम बंद, पाठ-पोट दाबलं की दुखणं. क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) आणि लिव्हरचे आकडे वाढलेले असतात. म्हणून जून ते ऑक्टोबरमध्ये प्लेटलेट्स कमी आल्या की किडनी-लिव्हर तपासल्याशिवाय 'गोचीडताप' म्हणून मी मोकळा होत नाही. डॉक्सीसायक्लिन लेप्टोलाही लागू पडतं, पण उलट्या करणाऱ्या कुत्र्याला गोळ्यांवर ठेवता येत नाही, त्याला सलाईन आणि पेनिसिलिन गटातली इंजेक्शनं लागतात. घरच्यांना धोका आहे तो या आजाराचा. लघवी साफ करताना हातमोजे घाला, जागा ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा, हातापायाला जखम असेल तर जवळ जाऊ नका. वर्षाच्या लसीत लेप्टोचा भाग असतो. पहिल्या वेळी दोन डोस लागतात आणि मग दर वर्षी एक. सगळ्या उपजातींना तो अडवत नाही, तरी घ्यावाच.

माकडतापाबद्दलही विचारणा होते, कारण २०१६ पासून दोडामार्ग-बांदा पट्ट्यात त्याची धास्ती आहे. तोही गोचिडीतूनच येतो, पण गोचीड वेगळी, रानातली, आणि जंतू नव्हे तर विषाणू. कुत्र्याच्या प्लेटलेट्सशी त्याचा संबंध जोडू नका. रानात फिरून आलेल्या कुत्र्याच्या अंगावरची गोचीड उघड्या हाताने चिरडू नका, एवढं पुरे.

तुमची बाग आणि माड म्हटल्यावर दोन गोष्टी विचारल्याशिवाय राहवत नाही. माडावर उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवता का? त्या खाली पडतात, कुत्रा खातो, दोन ते पाच दिवस काहीच होत नाही आणि मग रक्तस्राव सुरू होतो. ते विष व्हिटॅमिन के चं काम बंद पाडतं, त्यामुळे बांध लिंपणारे घटक संपतात. प्लेटलेट्स रक्तस्रावात खर्च होऊन थोड्याफार कमी दिसतात, आणि तो आकडा बघून गोचीडतापाचं औषध सुरू केलं तर कुत्रा हातचा जातो. पीटी नावाची गोठण्याची टेस्ट माणसांच्या लॅबमध्येही होते, ती लगेच खुलासा करते. उपचार व्हिटॅमिन के१, तीन-चार आठवडे. के३ चालत नाही, मेडिकलवाल्याने 'तेच आहे' म्हटलं तरी घेऊ नका. रिकामं पाकीट सापडलं तर सोबत घेऊन या.

दुसरं फुरसं. सड्यावर, कातळावर, गडग्याच्या दगडांत ते असतंच. ब्रिटिश काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारायला सरकारी बक्षीस लावावं लागलं होतं, इतकी ती होती. कुत्रा नाक खुपसतो, म्हणून दंश तोंडावर किंवा पुढच्या पायावर. फुरशाचं आणि घोणसाचं विष रक्तातले गोठणारे घटक खर्चून टाकतं, सोबत प्लेटलेट्सही पडतात. अचानक सूज, दंशाच्या जागी न थांबणारं रक्त, हिरड्यांतून रक्त. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं हलवायचं नाही आणि मग कलंडवून बघायचं. गोठलं नसेल तर प्रतिविष लागणार, दुसरं काही नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. राणीची गोष्ट चार दिवस हळूहळू झालेली आहे, ताप आहे, सूज नाही, म्हणून साप मी मागे टाकतो.

बाकीची कारणं पटापट सांगतो. पिल्लांत पार्व्हो, डिस्टेंपर हे विषाणूंचे आजार. एप्रिल-मे मधला उष्माघात: किनाऱ्यावर हवेत इतका दमटपणा असतो की धापा टाकून कुत्र्याचं अंग थंड होत नाही, ताप ४१ अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत प्लेटलेट्स कोसळतात. पग, हस्की, सेंट बर्नार्ड पाळणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावं. म्हाताऱ्या शेफर्ड-लॅबमध्ये प्लीहेची गाठ. लिंफोमा, ल्युकेमिया हे कर्करोग. सल्फा गटातली औषधं आणि काही फिट्सच्या गोळ्या. नकोसं मेटिंग झालं म्हणून दिलेलं इस्ट्रोजेनचं इंजेक्शन हाडांचा मगज दाबून टाकतं, ते देऊच नये या मताचा मी आहे. राणीची नसबंदी झालेली नसेल तर तिचा शेवटचा माज कधी झाला ते आठवा. माजानंतर महिना-दोन महिन्यांत पाणी खूप पिणं, ताप आणि मागून पू असं असेल तर गर्भाशयात पू झालेला असतो, आणि त्या संसर्गातही प्लेटलेट्स उतरतात. पोटाची सोनोग्राफी एकदा करून घ्यायला माझा कौल आहे, प्लीहा आणि गर्भाशय दोन्ही दिसतील.

राहिलं ते शरीराने स्वतःच्याच प्लेटलेट्सवर उठणं. बाहेरचं कुठलंच कारण सापडत नाही आणि प्रतिकारशक्ती प्लेटलेट्स खाऊन टाकते. मध्यम वयाच्या माद्यांत जास्त, कॉकर स्पॅनियलमध्ये विशेष. यात आकडा बहुतेक वेळा २०,००० च्याही खाली असतो, कधी ५,०००, आणि गंमत म्हणजे कुत्रा शेपूट हलवत आत येतो, ताप नाही, नुसते पोटावर लाल-जांभळे डाग. उपचार प्रेडनिसोलोन, सुरुवातीला जास्त मात्रेत आणि मग काही महिने हळूहळू कमी करत. व्हिन्क्रिस्टिनचं एक इंजेक्शन आकडा लवकर वर आणायला मदत करतं. हे निदान बाकी सगळं वगळून झाल्यावर करायचं असतं. आपल्याकडे उलटी चाल दिसते: प्लेटलेट्स कमी, द्या स्टेरॉइड. दुसऱ्या दिवशी कुत्रा तरतरीत दिसतो, सगळे खूश. पण आत बबेसिया किंवा लेप्टो असेल तर त्याला रान मोकळं मिळतं. एर्लिकियात प्लेटलेट्स फारच खाली असतील तर थोडे दिवस, थोड्या मात्रेत स्टेरॉइड द्यायला माझी हरकत नाही, पण तो निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांचा. घरात कुणाच्या दम्याच्या गोळ्या आहेत म्हणून त्यातून तुकडा देऊ नका.

तापावर ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, कॉम्बिफ्लॅम यातलं काहीही देऊ नका. जठराला जखम होऊन रक्तस्राव होतो, आणि ते अडवायला प्लेटलेट्स नाहीत. अ‍ॅस्पिरिन उरलेल्या प्लेटलेट्सही निकामी करतं. मांसात इंजेक्शन नको, रक्ताची गाठ होते. हाडं आणि बांगड्याचे काटे काही दिवस बंद, मऊ भात आणि काटे काढलेली मासळी चालेल. साखळीवर ठेवा, दुसऱ्या कुत्र्यांशी खेळू देऊ नका. नाकातून पुन्हा रक्त आलं तर तिला शांत बसवा आणि नाकाच्या वरच्या बाजूला फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरा.

भाच्याचं म्हणणं. कुत्र्यांसाठी नुसत्या प्लेटलेट्सची पिशवी मिळणं आपल्या भागात जवळपास अशक्य आहे, आणि फ्रिजमधल्या साठवलेल्या रक्तात कामाच्या प्लेटलेट्स उरत नाहीत. मिळालं तर दात्या कुत्र्याचं ताजं रक्त. किलोमागे १० मिलिलिटर ताजं रक्त दिलं तर आकडा फार तर १०,००० नी वाढतो. म्हणजे २८ किलोच्या राणीला २८० मिलिलिटर रक्त देऊन ४२,००० चे ५२,००० होणार, तेही काही तास किंवा एखादा दिवस, कारण जो त्या संपवतोय तो आत बसलेलाच आहे. रक्त चढवायचं ते हिमोग्लोबिन घसरलं असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल तर, आकडा सजवायला नव्हे. आणि दात्याचं रक्त न तपासता घेतलं तर त्यातून बबेसिया गिब्सोनी विकत घेतल्यासारखं होतं. आज राणीला गाडीत घालून घाट चढवायची गरज मला दिसत नाही.

घरातल्या गोचिडीचं काय ते आजच करा, २८ दिवस संपायची वाट बघू नका. लोक गोठ्याला दोष देतात, पण गुरांवरची गोचीड वेगळ्या जातीची, ती कुत्र्यावर क्वचितच जगते. कुत्र्याची तपकिरी गोचीड पिल्लावस्थेपासून कुत्र्याचंच रक्त पिते, मधल्या काळात उतरून भिंतीवर चढते, चिऱ्यांच्या सांध्यांत, पडवीच्या वाशांत, दाराच्या चौकटीमागे लपते. एक मादी हजारांवर अंडी घालते आणि भुकेली गोचीड कित्येक महिने वाट बघत बसू शकते. अंगावरच्या वेचून काढल्या म्हणजे दहातली एकच मेली असं समजा. फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर या गटातली गोळी उत्तम काम करते, फक्त राणीला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. या गोळीने गोचीड मरते ती चावल्यावर, आणि एर्लिकिया काही तासांतही अंगात उतरू शकतो, म्हणून माझा सल्ला गोळीसोबत गोचीड दूर ठेवणारा पट्टाही घालायचा. भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवा, तिची झोपायची गोणपाटं जाळून टाका, फवारणी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन वापरू नका, मांजर मरतं.

सातव्या दिवशी रक्त पुन्हा तपासा. पायाच्या शिरेतून घ्यायला सांगा, मानेतून नको, आणि नंतर ती जागा पाच मिनिटं दाबून धरा. आकडा लाखाच्या वर आणि राणी जेवतेय, तर २८ दिवस पुरे करून त्यानंतर महिन्याने एकदा शेवटची तपासणी. आकडा तिथेच किंवा खाली असेल तर डॉक्सीसायक्लिन 'आणखी आठ दिवस बघू' असं करू नका. बबेसियासाठी स्मिअर, किडनी-लिव्हर, पीटी आणि सोनोग्राफी, या क्रमाने पुढे जा. मधल्या काळात शी काळी झाली, हिरड्या पांढऱ्या पडल्या, धाप लागली, चालताना तोल गेला किंवा डोळ्यात रक्त उतरलं, तर सातव्या दिवसाची वाट न बघता, रात्र असली तरी, तिला उचलून डॉक्टरांकडे न्या आणि आधी फोन करून कळवा, म्हणजे ते तयारीत राहतील.